कुठवर पोचलीस?

१ जून उजाडला की आमच्याकडे होड्या वर ओढतात. पुढचे एकसष्ट दिवस, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, यांत्रिक बोटींना समुद्र बंद. गेल्या वर्षी त्या दिवसांत शाळा सुरू व्हायला अजून दोन आठवडे होते, पाऊस दारात ठाण मांडून बसला होता आणि आमची बारा वर्षांची लेक सकाळी दूध पिऊन जी कॉम्प्युटरसमोर बसली ती जेवायच्या हाकेलाही उठत नव्हती. माझी आई, म्हणजे तिची आजी, सुकटीचे डबे पुसतापुसता पुटपुटत होती, "डोळे जातील पोरीचे. आणि डोळ्यांमागून डोकं."

तुमच्याही घरी हेच बोलणं चालत असणार, म्हणून हे सांगायला बसलोय. मी शिक्षक नाही की समुपदेशक नाही. एडवणहून सफाळ्याला एसटीने किंवा रिक्षाने, तिथून केळवे रोड, पालघर, उमरोळी करत बोईसर आणि पुढे औद्योगिक वसाहतीतली एक केमिकल कंपनी, असा माझा रोजचा रस्ता. तिथे मी ऑपरेटर आहे. तुम्हाला सल्ला देण्याइतकं माझं शिक्षण नाही. पण पोरीसमोरचा तो खेळ मीच तिच्या हातात दिला होता आणि त्याचं काय झालं ते सांगण्यासारखं आहे.

खेळाचं नाव 'फायनल फँटसी सेव्हन'. जपानी मालिका आहे ही. पहिला खेळ १८ डिसेंबर १९८७ ला आला, सोळावा २०२३ साली. आकडा पाहून वाटेल की एकच कथा सोळा भाग चाललीय. तसं नाही. आपल्या दिवाळी अंकासारखं आहे ते: मुखपृष्ठावरचं नाव तेच, आतला मजकूर दर वेळी नवा. नवं जग, नवी माणसं, नवा खलनायक. फक्त काही ओळखीची सदरं बहुतेक अंकांत असतात. चोकोबो नावाचे भलेमोठे पिवळे पक्षी, ज्यांच्यावर बसून फिरायचं. सिड नावाचा कुणीतरी, बहुधा यंत्रांतला जाणकार. आणि हाक मारली की धावून येणाऱ्या दैवी शक्ती, ज्यांची नावं जगभरच्या पुराणांतून उचललेली. 'फायनल' शब्दावरून लोक एक गोष्ट रंगवून सांगतात, की कंपनी बुडायला आली होती आणि हा शेवटचा डाव होता. जनक हिरोनोबू साकागुचींनी पुढे हसत सांगितलं, की त्यांना इंग्रजी 'एफ एफ' अशी आद्याक्षरं जमवायची होती एवढंच. मला पहिली गोष्ट जास्त आवडते, पण दुसरी खरी दिसते.

सातवा खेळ ३१ जानेवारी १९९७ ला जपानमध्ये आला, प्लेस्टेशनवर, तीन सीडींमध्ये. माझ्या हातात तो २००५ च्या सुमारास पडला. मामा मस्कतहून येताना जुनं प्लेस्टेशन घेऊन आला होता आणि सीड्या मुंबईच्या फुटपाथवरच्या. चोरीचा माल, हे आज मान्य करतो. तेव्हा विचारायचं सुचलंही नव्हतं.

ज्यांना तो काळ आठवत असेल त्यांना लोडशेडिंगही आठवत असेल. आमच्या तालुक्यात देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, तारापूरचं, १९६९ पासून वीज तयार करतंय, आणि आम्ही एडवणला मेणबत्ती लावून भात खातोय. जगाच्या नकाशावर फिरत असाल ते सोडून या खेळात मनात येईल तेव्हा खेळ जपून ठेवता येत नाही. काही ठरावीक जागा असतात, सेव्ह पॉइंट, तिथवर पोचावं लागतं. दोन तास राक्षस मारून मी त्या जागेपासून दहा पावलांवर यायचो आणि लाइट जायची. माझ्या तोंडून जो शब्द निघायचा तो आईने ऐकला की मेणबत्तीच्या उजेडातही नेमका कानाखाली आवाज निघायचा.

पहिली सीडी संपते तिथे एरिथ नावाची फुलं विकणारी मुलगी मरते. खलनायक मागून तलवार घालतो. वीस-पंचवीस तास जी आपल्यासोबत चाललेली असते, जिला आपण एकेका लढाईतून तयार केलेलं असतं, ती जाते. मी सोळाचा होतो. रडलो, पण उशीत. आणि दुसरी सीडी घातली तर ती चालेना. उलटी धरून पाहिली तर वर्तुळात खोल ओरखडा.

वडील नाईट करून आले होते. तेही बोईसरलाच, ठेकेदाराच्या हाताखाली. होडीतला वाटा विकून कंपनीत गेले होते, आणि त्या वयात मला ते हरलेले वाटायचे. त्यांनी सीडी हातात घेतली, न्याहाळली, मोरीत गेले आणि बोटावर पेस्ट घेऊन आतून बाहेर, आतून बाहेर, अशी घासत बसले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पेस्टने ओरखडा जातो. अंगाला कंपनीचा वास, डोळे लाल, आणि कसल्या खेळाची हे ठाऊक नसलेली सीडी पंच्याच्या सोग्याने पुसतायत. सीडी चालली नाही. केळव्याच्या एका मित्राने मात्र छातीठोक सांगितलं, की दुसऱ्या सीडीत एरिथ परत येते, त्याच्या भावाने पाहिलंय. मी वीस वर्षं ते खरं धरून चाललो. खेळ माझ्यासाठी तिथे संपला होता, पण ती परत आली होती.

गेल्या वर्षी स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये हाच जुना खेळ काही शे रुपयांना दिसला. त्याची नवी, चकचकीत आवृत्तीही निघालीय. पहिला भाग एप्रिल २०२० ला आला, दुसरा फेब्रुवारी २०२४ ला, तिसरा यायचाय. पण ती नीट खेळायची तर पन्नास हजारांच्या घरातलं यंत्र लागतं. ती आम्ही यूट्यूबवर पाहतो. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ठोकळ्यांची माणसं चालतात, तेवढं पुरे. मी लेकीला म्हटलं, तू खेळ, मी शेजारी बसतो.

शेजारी बसतो म्हटलं, पण पहिला आठवडा मीही तुमच्यासारखाच वागलो. शिफ्टवरून यायचो आणि विचारायचो, "किती वेळ झाला?" ती आकडा कमी करून सांगायची. मग आई खरा आकडा सांगायची. मग भांडण. एका संध्याकाळी मी ताडकन जाऊन बटण बंद केलं. ती ओरडली नाही. नुसती बघत राहिली. तेव्हा मला सेव्ह पॉइंट आठवला. ते दहा पावलांचं अंतर आठवलं. तीच लाइट आता मी घालवली होती.

त्यानंतर घड्याळाचा हिशेब सोडला. करार असा झाला, की जेवायची हाक पहिली आली की पुढच्या सेव्ह पॉइंटला थांबायचं, त्याच्या पुढे नाही. आणि मी विचारायचं, "कुठवर पोचलीस?" किती वेळ विचारलं की मूल हिशेब देतं. कुठवर पोचलीस विचारलं की गोष्ट सांगतं. सांगता सांगता ताटावर येऊनही बसतं.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. सगळे खेळ सारखे नसतात, आणि एका नावाचेही सारखे नसतात. याच सातव्या खेळातल्या माणसांना घेऊन २०२३ साली मोबाइलवर एक खेळ आलाय. फुकट उतरवता येतो, आणि आत सोडतीसारखी चिठ्ठी काढायची असते, पैसे टाकले की जास्त चिठ्ठ्या. लेकीने मागितला. मी नाही म्हटलं. जुना खेळ चाळीसेक तासांत संपतो. ज्याला शेवट आहे त्याला मूल संपवतं. त्या चिठ्ठीवाल्याला शेवटच नाही, आणि असला तरी तो आपल्या खिशात.

आता मुख्य गोष्ट. खेळ सुरू होतो तोच रिअ‍ॅक्टरवर. मिडगार नावाचं महानगर, शिनरा नावाची वीज कंपनी, आणि शहराभोवती आठ रिअ‍ॅक्टर, जे जमिनीतून 'माको' उपसतात. माको म्हणजे पृथ्वीचा जीवच. मेलेल्या प्रत्येक जिवाचं चैतन्य जमिनीत परत जातं आणि तिथूनच नवे जीव येतात, त्या प्रवाहातून कंपनी वीज काढते. साकागुचींच्या मनात हा जिवाचा प्रश्न स्वतःची आई गेल्यापासून घोळत होता असं सांगतात. तर नायक क्लाउड आणि हाताच्या जागी बंदूक लावलेला धिप्पाड बॅरेट, हे दोघे टोळीसह आगगाडीवरून उड्या टाकतात आणि पहिला रिअ‍ॅक्टर उडवून देतात. लेक खुर्चीत उभी राहून टाळ्या पिटत होती.

मग खाली बसली आणि म्हणाली, "पप्पा, तू पण रिअ‍ॅक्टरवरच असतोस ना?"

तर हो. आमच्या प्लांटमध्ये ज्या भांड्यात बॅच चढवतात त्याला रिअ‍ॅक्टरच म्हणतात. आतून काचेचा मुलामा, वरून मॅनहोल, बाहेरून जॅकेट, त्यात कधी स्टीम कधी थंड पाणी. चार्जिंग करायचं, तापमान धरायचं, सॅम्पल लॅबला पाठवायचं. घरी फोन आला तर बायको सांगते, "ते रिअ‍ॅक्टरवर आहेत." पोर हे जन्मापासून ऐकतेय. मी तिला समजावलं की हे वेगळं, अणूचं वेगळं, आणि खेळातलं तर तिसरंच. तिने मान हलवली. पटल्याची नव्हती ती मान.

तीन-चार रविवारांनी आम्ही जुनॉनला पोचलो. समुद्रकाठचं शहर. वर शिनराचं बंदर, लोखंडी मजले आणि समुद्राकडे तोंड केलेली प्रचंड तोफ. आणि त्या सगळ्याच्या खाली, सावलीत, जुनं मासेमारीचं गाव. तिथली माणसं सांगतात, की वरचं शहर बांधलं तेव्हापासून ऊन येत नाही, पाणी नासलं, मासळी गेली, आणि जवान माणसं वरती कामाला गेली. एक म्हातारी या मंडळींना घरात विसाव्याला जागा देते.

माझी आई तोवर लांबून बघायची. सफाळ्याच्या बाजारात आयुष्यभर टोपली घेऊन बसलेली बाई. जुनॉन आल्यावर ती लेकीच्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय म्हणतेय ती म्हातारी? वाच." लेक पडद्यावरचं इंग्रजी वाचायची आणि आजीला मराठीत सांगायची. या जुन्या खेळात पात्रांना आवाज नाही, सगळं बोलणं लिहिलेलं. मराठी माध्यमाची पोर, एक जुनी शंभरपानी वही घेऊन बसायची, अडलेला शब्द त्यात उतरवायची. (मागे एका ठिकाणी एरिथच्या तोंडी एकवचनाला अनेकवचनाचं क्रियापद आलंय. जगभर गाजलेली चूक आहे ती. हिने ती स्वतः पकडली आणि दोन दिवस ताठ मानेने फिरली.)

तर त्या गावात प्रिसिला नावाची पोर आहे, डॉल्फिनशी खेळणारी. ती पाण्यात बेशुद्ध पडते आणि क्लाउडला तिला श्वास द्यावा लागतो. शुद्धीवर आल्यावर ती त्याला एक मणी देते. त्या मण्याने एक दैवी शक्ती धावून येते, तिचं नाव शिवा. पडद्यावर निळी, बर्फाची बाई अवतरली.

"शंकराला बाई केलं?" आई म्हणाली.

मी पोटात गोळा घेऊन बसलो, आता घरात महाभारत. आईने अजून जरा निरखलं. "बर्फाची आहे ना? मग कैलासावरचीच असेल," आणि कांदे चिरायला निघून गेली.

त्या रात्री जेवताना लेकीने विचारलं, "पप्पा, तुझ्या कंपनीचं पाणी कुठे जातं?"

मी तुम्हाला खरं सांगतो, पहिला शब्द तोंडावर आला तो "जेव गुमान." तोच माझ्या वडिलांच्या तोंडी आला असता. पण मी ठरवून सांगितलं. कंपनीतलं पाणी कंपनीच्या शुद्धीकरणात जातं, तिथून वसाहतीच्या सामायिक केंद्रात, आणि तिथून पाइपने नवापूरच्या समुद्रात. ते नेहमी हवं तितकं शुद्ध होतं का? नाही. म्हणूनच मांगेला समाज परिषदेने हरित लवादात दाद मागितली आणि लवादाने वसाहतीतल्या कारखान्यांना दंड लावला. हे सगळं मी आईसमोर, माशाच्या कालवणाच्या वाटीवर बोललो. नोकरीला वीस वर्षं होत आली, पण यातलं एक वाक्यही मी घरात कधी उच्चारलं नव्हतं. आई काही म्हणाली नाही. तिने लेकीच्या ताटात अजून एक तुकडी वाढली.

सोळाव्या वर्षी मला या खेळातली तलवार आवडायची. भलंमोठं पातं, खलनायकाचे लांब चंदेरी केस. कोरेल नावाचं गाव मी कसं ओलांडलं आठवतही नाही. या वेळी तिथे थांबलो. कोरेल हे बॅरेटचं गाव, कोळशाच्या खाणीचं. शिनराने तिथे रिअ‍ॅक्टर बांधायचं ठरवलं तेव्हा गावाची बैठक बसली. एकटा डाइन, बॅरेटचा जिवलग, नको म्हणाला. आणि हो कोण म्हणालं? बॅरेट. कोळशाला आता कोण विचारतं, पोरांना कामं मिळतील. पुढे रिअ‍ॅक्टरमध्ये स्फोट झाला, कंपनीने गावकऱ्यांवर आळ घेतला आणि गाव जाळलं. बॅरेटची बायको गेली. कड्यावरून पडणाऱ्या डाइनचा हात त्याने धरून ठेवला होता, गोळीबारात दोघांचा एकेक हात गेला. बॅरेट ज्या मार्लिन नावाच्या चिमुरडीला बापाच्या मायेने वाढवतो ती डाइनची मुलगी.

म्हणजे रिअ‍ॅक्टर फोडत सुटलेला हा माणूस आधी त्यालाच होकार देऊन बसलेला. हे मला पोरवयात दिसलं नव्हतं, आणि दिसलं असतं तरी कळलं नसतं. आमच्याकडे अशा होकारांची आणि नकारांची उणीव नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या रिअ‍ॅक्टरसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. वाढवण बंदराच्या पायाभरणीला ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान पालघरला आले, आणि किनाऱ्यावरच्या कित्येक घरांवर काळे झेंडे होते. एकाच घरात एक भाऊ विरोधात आणि दुसरा नोकरीचा अर्ज भरून बसलेला, हेही मी पाहिलंय. दोघांपैकी कुणाला वाईट म्हणणार? माझे वडील होडीतला वाटा विकून बोईसरला गेले, तो होकारच होता. त्यावर मी शिकलो, आणि मी पण तिथेच गेलो.

लेक मात्र या सगळ्यापेक्षा दुसऱ्याच जागी अडली. पुढे केट सिथ नावाचं मांजर येतं, कापसाने भरलेल्या बाहुल्यावर बसणारं. कळतं असं, की ते दुरून चालवणारा माणूस शिनराचाच एक बडा अधिकारी आहे, रीव्ह. पगार कंपनीचा, मन इकडे. तो बॅरेटला एकदा फैलावर घेतो: तुम्ही तो पहिला रिअ‍ॅक्टर उडवलात तेव्हा किती माणसं मेली ठाऊक आहे का? बॅरेट सारवासारव करतो, मग गप्प होतो. टाळ्या पिटणारी माझी पोर पण गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या दिवशी नाईटला कोण असेल?"

नाईट हा शब्द तिचा. खेळात तो नाही. तो आमच्या घरातला आहे.

बायकोने खेळात एवढा रस घेतला नाही, पण एल्मायराची गोष्ट तिने दोनदा ऐकली. एरिथला वाढवणारी आई ती. लढाईवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत रोज स्टेशनवर जायची. नवरा आला नाही, पण एक दिवस फलाटावर शेवटच्या घटका मोजणारी बाई आणि तिची पोर दिसली, ती पोर घरी आणली. बायको म्हणाली, "एवढंच चांगलं आहे तुमच्या खेळात." मी वाद घातला नाही. तिने सफाळ्याच्या फलाटावर लोकल उशिरा आलेल्या पुष्कळ रात्री काढल्यात.

खेळात वाईटही बरंच आहे. एका वस्तीत एक लंपट दादा बायका निवडतो असा लांबलचक प्रसंग आहे. १९९७ साली तो विनोद म्हणून घातला होता. बारा वर्षांच्या मुलीशेजारी बसून तो बघताना मला घाम फुटला, तिथे मी कीबोर्ड हातात घेतला आणि भराभर पुढे नेलं. तिने विचारलं तेव्हा झाकलं नाही, की हा माणूस नालायक आहे आणि खेळ करणाऱ्यांनी त्याची मजा केलीय, ती चूक आहे. बॅरेट काळा आहे म्हणून त्याच्या तोंडी घातलेली भाषाही ओशाळवाणी. पावलोपावली राक्षस आडवे येतात, त्यातले निम्मे वेळकाढूपणा. शेजारी नसतो तर यातलं काहीच मला कळलं नसतं, आणि तिने ते एकटीने गिळलं असतं.

एरिथ मेली तो दिवस मी लांबवत होतो. तिला आधी सांगावं की नाही, बायकोशी दोनदा चर्चा झाली. सांगितलं नाही. झालं ते झालं. लेक रडली नाही. लाल झाली. "मी हिला इतकं शिकवलं होतं!" एवढंच बोलली. पंधरा रात्री खपून तिने एरिथला तयार केलं होतं, ते सगळं वाया. मी घाईघाईने म्हटलं, थांब, दुसऱ्या सीडीत ती परत येते.

आम्ही खेळत राहिलो. ती आली नाही. आठवडाभराने लेकीनेच शोधून काढलं की ती येत नाहीच, जगभरच्या पोरांनी पसरवलेली अफवा होती ती, आणि वीस वर्षांपूर्वी ती केळव्यापर्यंत पोचली होती. "पप्पा, तुला कुणीतरी फसवलं," ती म्हणाली. इतक्या मायेने की मला वडील आठवले.

आठवायचे होतेच, कारण त्याच सुमारास आम्ही खेळातल्या कॉस्मो कॅन्यन या गावाबद्दल पुन्हा बोलत होतो. नानाकी नावाचा लांडग्यासारखा लाल प्राणी तिचा सगळ्यात लाडका. त्याला लहानपणापासून वाटत असतं की बाप पळपुटा निघाला, गावाला टाकून गेला. मग आजोबा त्याला डोंगरापलीकडे नेतात. तिथे बाप उभा आहे, बाणांनी भरलेला, दगड झालेला, गावाच्या मागच्या वाटेवर एकट्याने पहारा देत. मी लेकीला पेस्टची गोष्ट सांगितली. तिला आजोबा आठवत नाहीत, ते गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिने विचारलं, "कुठली पेस्ट?"

"पांढरी."

"जेल असती तर चालली असती सीडी," ती म्हणाली. आई स्वयंपाकघरातून हसली.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री खेळ संपला. बाहेर रंगवलेल्या होड्या उभ्या होत्या, आशापुरीच्या देवळाकडून बाजाचा आवाज येत होता, आणि आम्ही चौघं कॉम्प्युटरभोवती. शेवटची लढाई लेकीने तिसऱ्या प्रयत्नात जिंकली. आकाशातून धोंडा येतो, पृथ्वीच्या पोटातला तो हिरवा प्रवाह वर उसळून त्याला भिडतो, आणि पुढे काय झालं ते धड दाखवतच नाहीत. नावांची यादी सरकते. मग पाटी येते: पाचशे वर्षांनंतर. नानाकी दोन पिल्लांसह कड्यावर चढतो. समोर मिडगार. लोखंडी महानगर वेलींनी झाकलेलं, पाखरं उडतायत. माणूस दिसत नाही. कुठूनतरी लहान मुलांचं हसणं ऐकू येतं, आणि अंधार.

लेक चिडली. "संपलं? माणसं गेली कुठे मग?"

मला उत्तर नव्हतं. या जागी मीही पहिल्यांदाच आलो होतो.

आईने चष्मा काढून पदराला पुसला. "वेल एवढी चढलीय म्हणजे खाली गोडं पाणी आहे," ती म्हणाली. "असतील तिथेच. उठा आता, पहाटे नारळ द्यायला जायचंय."

लेकीने कॉम्प्युटर बंद केला. अंथरुणात शिरल्यावर भिंतीकडे तोंड करून विचारलं, "पप्पा, सहाव्यात कोण असतं?"